टेसाबाईचं व्रत

मावशींनी हसून मान डोलावली, की समजावं, त्यांना एक अक्षरही ऐकू आलेलं नाही. हे कळायला मला साडेतीन वर्षं लागली. ऐकू आलं असतं तर त्या भांडल्या असत्या, निदान "असं का?" म्हणून उलट विचारलं तरी असतं. ऐकू आलं नाही, की मात्र दोनदा खाली आणि एकदा उजवीकडे अशी ती मान इतक्या समजूतदारपणे हलायची, की बोलणाऱ्याला वाटावं, आपण काय छान समजावून सांगतो. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. जरा नीट बघा त्यांच्याकडे.

मी तेव्हा इंग्लंडात, रीडिंग गावातल्या एका बिल्डिंग सोसायटीच्या शाखेत काउंटरवर बसत असे. बिल्डिंग सोसायटी म्हणजे घरासाठी कर्ज देणारी आणि लोकांच्या ठेवी घेणारी इथली पतपेढीच म्हणा. शाखा एवढीशी. काचेमागे मी आणि शीला. ही शीला अस्सल इंग्रज, आपल्याकडची नव्हे. मागच्या खोलीत मॅनेजर, आणि त्याच्या टेबलावर कायम अर्धं खाल्लेलं सँडविच.

मावशी आमच्या खातेदार, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायच्या. साडीवर जाड लोकरी कोट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत सुईदोऱ्याची डबी. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत त्यांनी बावीस वर्षं काढली होती. चादरी, पडदे, नर्सेसचे युनिफॉर्म, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं त्यांच्या मशीनखालून गेलेलं. खोली नेमकी लाँड्रीला लागून होती आणि लाँड्रीतली धुलाईयंत्रं दिवसभर गडगडत. कान तिथेच गेले. पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. "पगार दिला, पेन्शन दिलं, बदल्यात थोडे कान घेतले. चालायचंच," असं म्हणायच्या.

समोरच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्या त्याचे कपडे बघत. पासबुक राहिलं बाजूला, काचेखालच्या फटीतून हात घालून त्या माझ्या बाहीची कड चिमटीत धरायच्या आणि म्हणायच्या, "टीप सुटलीय. दे इकडे." दे इकडे म्हणजे कार्डिगन काढून दे. रांगेत माणसं उभी असली तरी त्यांना त्याचं काही नसे. एकदा मॅनेजर बाहेर आला आणि त्याच्या पँटच्या पायाची दुमड एका बाजूने उसवून बुटावर लोंबत होती. मावशींनी त्याला बोटाने जवळ बोलावलं. "गिव्ह," म्हणाल्या. बिचारा लालबुंद झाला. पँट कशी देणार? शेवटी त्याला खुर्चीवर उभा करून, जमिनीवर बसून, चार मिनिटांत मावशींनी टाके घातले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आमची अख्खी शाखा त्यांना ऑन्टी म्हणायला लागली.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत सरकारने टेसा नावाचं नवं खातं काढलं. त्यात पैसे ठेवायचे, पाच वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही, म्हणजे व्याजावर टॅक्स नाही. मध्येच मुद्दल काढलं, की सवलत गेली. मावशी नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हाताशी थोडी एकरकमी रक्कम होती, शिवाय एका ड्रायक्लीनरकडे त्या कपडे लहानमोठे करण्याचं काम करत आणि त्यावरचा टॅक्स प्रामाणिकपणे भरत. पहिल्याच मंगळवारी त्या माहितीपत्रक हातात घेऊन हजर झाल्या. पत्रकातल्या ठळक ओळी त्यांनी चष्मा लावून आधीच वाचल्या होत्या.

"टेसा म्हणजे मुलीचं नाव ना गं इथे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"बाई कडक दिसते. पाच वर्षं पाळायचं, मध्ये मोडलं की फळ नाही. म्हणजे व्रतच की."

मला हसू आलं, पण मावशी हसत नव्हत्या. सोळा सोमवार त्यांनी आयुष्यात दोनदा केले होते. एकदा केले तेव्हा काका मिळाले आणि दुसऱ्यांदा केले तेव्हा हॉस्पिटलची नोकरी. व्रत कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे टेसाला टेसाबाई करून टाकलं, संकल्प सोडल्यासारखी फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "उद्यापनाला काय काय लागतं ते तुझ्या साहेबाला विचारून ठेव."

संकल्प होता कानांसाठी. हॉस्पिटलातून मिळालेलं कानामागचं यंत्र त्यांच्या कानाला काही केल्या बसलं नव्हतं. ते शिट्ट्या मारायचं, म्हणून घरी बटणांच्या डब्यात पडलं होतं. पण गावातल्या एका दुकानात त्यांनी हरभऱ्याएवढं यंत्र पाहिलं होतं, थेट कानात बसणारं, बाहेरून न दिसणारं. किंमत ऐकून काका म्हणाले होते, की एवढ्यात गिरगावात एक लग्न लागलं असतं. दोन कानांची दोन लग्नं.

"पण ऐकू येण्यासाठी पाच वर्षं थांबायचं?" मी ओरडून विचारलं.

"पाच वर्षं काय, अशी जातात," म्हणत त्यांनी चुटकी वाजवली.

त्या दिवशी मी त्यांना सगळे नियम सांगितले. मोठमोठ्याने सांगत होते, कारण त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्यामुळे मावशींची शिल्लक रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचत होती आणि एक म्हातारा तर कौतुकाने ऐकत होता. मला लाज वाटली. शेवटचे दोन-तीन नियम मी आवाज खाली आणून उरकले. मावशींनी हसून मान डोलावली. मीही समाधानाने शिक्का मारला.

पुढच्या महिन्यापासून मी एक युक्ती काढली. पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे मराठीत लिहून काचेखालून सरकवायचं. मावशी वाचत आणि मोठ्याने उत्तर देत, पण ते मराठीत असल्यामुळे रांगेला काही कळत नसे. शीला म्हणायची, ही कसली गुप्त लिपी. मावशी त्या स्लिपा फेकत नसत. सुईदोऱ्याच्या डबीत घडी करून ठेवत.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते. आवाज खणखणीत. रोज सकाळी चहा झाला, की ते मावशींना वर्तमानपत्र वाचून दाखवत. आधी इंग्रजी मथळा, मग मराठीत सार, मग स्वतःचं मत, आणि सगळं मावशींना ऐकू जाईल अशा पट्टीत. शेजारच्या म्हातारीने पेपर घेणं बंद केलं होतं. उन्हाळ्यात ती चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभी राही आणि हवामानाचं राहिलं तर आठवण करी.

व्रताच्या तिसऱ्या वर्षी काकांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले ते ठीकच, पण या आजारात आवाजही बारीक होत जातो हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. खणखणीत आवाज आधी साधा झाला, मग दबला, मग पुटपुटल्यासारखा झाला. मावशी काउंटरवर म्हणायच्या, "वाचतात रोज. नेमाने वाचतात," आणि विषय बदलायच्या.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या शनिवारी सकाळी मी कोटाची चेन बदलून घ्यायला त्यांच्या घरी गेले. काका खिडकीशी पेपर धरून बसले होते, समोर मावशी. त्यांनी मला खुणेनेच सांगितलं, की यांचं वाचन चालू आहे, तू चहा टाक. स्वयंपाकघर काकांच्या पाठीमागे, दार उघडं. मी आल्याचं काकांच्या लक्षातही आलं नसावं.

मी आधण ठेवलं आणि ऐकत राहिले. आवाज अगदी हलका होता, पण शब्द स्पष्ट होते. पेपरातला एक मथळा वाचून झाला आणि त्याच वाचायच्या सुरात काका पुढे म्हणाले, "आणि आज ही बाई फार छान दिसते आहे. निळा रंग हिला पहिल्यापासून खुलतो. मी कधी बोललो नाही. वीस वर्षं हिच्याशी ओरडून बोलत आलो, हे कसं ओरडणार? शेजारीण कुंपणाशी. आता पान तीन. काल आमटीत मीठ जास्त झालं होतं. हिचा भाऊ पक्का लबाड आहे, हेही मी कधी बोललो नाही. पान चार. मी आधी गेलो तर हिला रोज सकाळी कोण वाचून दाखवणार, एवढीच मला काळजी आहे."

आणि मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत हसून मान डोलावत होत्या. दोनदा खाली, एकदा उजवीकडे.

चहा उतू गेला. दुसऱ्याचं खासगी ऐकल्याची लाज वाटली, रडू आलं, आणि त्याच क्षणी ती मान मी आधी कुठे पाहिली होती हेही आठवलं. एक्क्याण्णवच्या जानेवारीत, काचेपलीकडे. ज्या नियमांवर मावशींनी मान डोलावली होती, ते त्यांना ऐकूच आले नव्हते.

मावशींना मी काय सांगणार? तुमचा नवरा तुम्हाला रोज असं असं म्हणतो, असं स्लिपवर लिहून काचेखालून सरकवायचं? काही गोष्टी ज्याने म्हटल्या त्याच्याच तोंडून ऐकायच्या असतात. सोमवारी सकाळी शाखा उघडायच्या आधी मी नियमांची फाइल काढली आणि टेसाचं पान बोट ठेवून वाचलं. मुद्दलाला हात लावता येत नाही, पण व्याज काढता येतं. फक्त त्यातला टॅक्सएवढा भाग पाच वर्षं संपेपर्यंत आत ठेवायचा. सवलत तशीच राहते. हाच नियम मी हळू आवाजात उरकला होता. मावशींचं साठलेलं व्याज मी काढून पाहिलं, तर त्यात एक कान नक्की बसत होता.

मंगळवारी मी स्लिप तयारच ठेवली होती. "मावशी, व्याज काढता येतं. व्रत मोडत नाही."

त्यांनी वाचून सरळ मान हलवली, नाही म्हणून. "व्रतात हात लावायचा नाही."

मी लिहिलं, "उपवासाला साबुदाणा चालतो ना? व्याज म्हणजे साबुदाणा."

मावशी विचारात पडल्या. रांगेतले लोक घड्याळ बघायला लागले. "सगळा चालतो?"

"नाही. टॅक्सएवढा भाग शेवटपर्यंत आत ठेवायचा."

"म्हणजे साबुदाणा खायचा, पण पोटभर नाही."

मी जोरजोरात हो म्हटलं. मावशींनी चष्मा वर सरकवला. "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

सांगितलं होतं असं म्हणता आलं असतं. मी लिहिलं, "सांगितलं, पण लोकांना लाजून हळू सांगितलं. चूक माझी."

"माझीही," मावशी म्हणाल्या. "मान मी डोलावली." मग म्हणाल्या, "पण आता राहिलंय किती? दीड वर्ष. इतकी निर्जळी केली, तेवढं आणखी करते. दोन्ही कान एकदमच घेईन."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. माझ्या पाठीमागे शीला खाकरत होती, मॅनेजर दारात आला होता. मी आणखी एक स्लिप फाडली आणि लिहिलं, "काकांचा आवाज दीड वर्ष थांबणार नाही."

मावशींनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून कोटाच्या कडेने पुसला. एवढं सगळं मला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. "फॉर्म दे," म्हणाल्या.

दीड महिन्याने त्या आल्या त्या नेहमीच्या मंगळवारी नव्हे, मधल्याच एका गुरुवारी. मी सवयीने पेन्सिल उचलली.

"लिहू नकोस. बोल," मावशी म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. कानात काही दिसत नव्हतं. मी साध्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

"तुझ्या शीलाच्या खुर्चीला तेल लाव," त्या म्हणाल्या. मग काचेजवळ आल्या आणि आवाज एकदम खाली आणला. मावशींना हळू बोलता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "आठ दिवस झाले. यांना अजून सांगितलेलं नाही."

"का?"

"सांगितलं तर थांबतील."

मग मी शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं, "काय वाचतात हल्ली?"

"राजकारण," मावशी म्हणाल्या आणि माझी बाही चिमटीत धरली. "टीप सुटलीय. दे इकडे." टीप कुठेही सुटलेली नव्हती. मी मुकाट्याने कार्डिगन काढून दिलं.

हे राजकारण सतरा दिवस चाललं. मावशी निळी साडी नेसून समोर बसत आणि मान डोलावत. आमटीचं मीठ आपोआप बरोबर पडू लागलं, तरी काकांना शंका आली नाही. मग अठराव्या दिवशी पान तीनवर पुन्हा मावशींचा भाऊ निघाला, आणि मावशी ताडकन म्हणाल्या, "माझ्या भावाने तुमचं काय घोडं मारलंय?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सतरा दिवस."

सतरा दिवसांत आपण काय काय बोललो याची काकांनी मनातल्या मनात उजळणी केली असावी, कारण ते कानापर्यंत लाल झाले, असं मावशींनी मला सांगितलं. दोन दिवस त्यांनी पेपर उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनीच तो त्यांच्या हातात दिला आणि समोर जाऊन बसल्या.

"मग आता फक्त बातम्या?" मी विचारलं.

"बातम्याही," मावशी म्हणाल्या.

शहाण्णवच्या जानेवारीत टेसाबाईची पाच वर्षं भरली. मावशींनी खरोखरच उद्यापन केलं. शनिवारी दुपारी शाखा बंद झाल्यावर आम्हा सगळ्यांना त्यांनी घरी जेवायला बोलावलं. मेहूण म्हणून मॅनेजर आणि त्याची बायको. पुरणपोळीवर तूप वाढताना मॅनेजर आधी नको नको म्हणाला आणि नंतर त्याने चार पोळ्या खाल्ल्या. त्याच्या बायकोची मावशींनी नारळ आणि खणाने ओटी भरली. ती दोन्ही हातांत नारळ धरून विचारत होती, की हे सर्व खातेदार करतात का. "फक्त टॅक्स-फ्री," मी सांगितलं. काका खुर्चीत बसून काहीतरी पुटपुटले. आम्हाला कुणालाच ऐकू गेलं नाही, पण स्वयंपाकघरातून मावशी म्हणाल्या, "आणते, आणते, लिंबाचं लोणचं ना?"

मुद्दलातून दुसऱ्या कानाचं यंत्र आलं. ते आलं हे बरंच झालं, कारण वर्षभरात काकांचा आवाज इतका खाली गेला, की मावशी खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवून बसायच्या. पेपर आता मावशी धरायच्या, वाचायचे काका. ते गेले तेव्हा मी भेटायला गेले होते. मला वाटलं होतं, मावशी मोडून पडल्या असतील. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "शेवटपर्यंत ऐकलं गं मी. एक दिवस चुकला नाही." मग मी रडले आणि त्यांनीच माझी समजूत काढली.

त्यानंतर मुलाने त्यांना मँचेस्टरला नेलं. रीडिंग स्टेशनवर पोचवायला मी गेले होते. मुलाने सामान चढवलं, मावशी खिडकीशी बसल्या. निळी साडी, वर तोच कोट. डब्याची खिडकी न उघडणारी होती, जाड काचेची. काचेच्या एका बाजूला त्या आणि एका बाजूला मी, हे आमचं जुनंच होतं. फक्त हातात स्लिप नव्हती.

गाडी सुटायला मिनिटभर होतं. त्या काचेतून ऐकू जाणं शक्यच नाही असं मी धरून चालले, आणि म्हणूनच एरवी जे कधी बोलले नसते ते बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, आई गेल्यापासून माझ्या बाहीकडे तुमच्याशिवाय कुणी बघितलं नाही. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण महिन्याच्या पहिल्या मंगळवारची मी वाट बघायचे. मुद्दाम तेच कार्डिगन घालून यायचे."

मावशींनी हसून मान डोलावली. दोनदा खाली, एकदा उजवीकडे.

मग गाडी हलली. त्यांना ऐकू आलं नव्हतं, की मी थांबू नये म्हणून त्या तशाच बसून ऐकत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.